दिरहमाचा गुणाकार

दुबईला निघालेला रत्नागिरीचा तरुण पगाराला विनिमयदराने गुणतो. तेथील खर्चाला मात्र गुणत नाही. वेतनावर आयकर नाही, हे खरे. परंतु २०१८ पासून बहुतेक खरेदीवर पाच टक्के मूल्यवर्धित कर आहे, आणि घरभाडे तर पगाराचा लचकाच तोडते. दलालासाठी काढलेले कर्ज वेगळेच. (सेवाशुल्काला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांची मर्यादा आहे, ती कागदावर!) कुटुंब नेण्यास २०१९ च्या नियमानुसार मासिक ४,००० दिरहम, अथवा ३,००० व निवास, इतकी मिळकत लागते. त्याहून कमी कमावणाऱ्याची बायकामुले कोकणातच राहतात. तो तेथे स्वस्तात मिळतो, तो यामुळेच. पुढची पिढी वाढविण्याचा खर्च मालक नव्हे, तर गावची चूल, जिल्हा परिषदेची शाळा आणि सरकारी दवाखाना सोसतात.