श्रेणी वाऱ्याची, मरण पाण्याचे

हरिकेनांची तुलना निघाली की पहिला प्रश्न ठरलेला: श्रेणी कितवी? १९६९चे कमिल पाचव्या श्रेणीचे. २००५चे कतरिना किनाऱ्याला धडकताना तिसऱ्या श्रेणीचे. म्हणजे कमिल थोरले, कतरिना धाकटे. यातूनच दुसरा निष्कर्ष निघतो: धाकट्या वादळात हजारांवर माणसे मेली, त्या अर्थी दोष सगळा सरकारी अनास्थेचा, वादळाचा नव्हेच. युक्तिवाद नेटका आहे, पण त्याचा पायाच कच्चा आहे.

श्रेणी मोजते तो वाऱ्याचा कमाल वेग, बाकी काही नाही. ही मोजपट्टी मुळात आखणारे हर्बर्ट सॅफिर हे अभियंते. वाऱ्याने इमारतींचे काय होते, हा त्यांचा प्रश्न. हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्पसन यांनी तिला उधाणाच्या, म्हणजे वादळाने किनाऱ्यावर रेटलेल्या पाण्याच्या, उंचीची जोड दिली. ती जोड दिशाभूल करते हे दिसल्यावर २०१०मध्ये ती काढून टाकावी लागली. खुद्द मोजपट्टीवाल्यांनी सोडलेला दावा आपण का उचलून धरावा?

आता दोघांची घडण पाहा. कमिल आटोपशीर होते: वारा ताशी सुमारे २८० किलोमीटर, पण घेर लहान. कतरिना २३ ऑगस्टला बहामाजवळ जन्मले, फ्लोरिडा ओलांडून मेक्सिकोच्या आखातात उतरले. तिथल्या लूप प्रवाहाचे ऊबदार पाणी खोलवर असते. वादळाने कितीही घुसळले तरी गार पाणी सहजी वर येत नाही, म्हणून वादळाची रसद तुटत नाही. २७ तारखेला वादळाच्या केंद्रातल्या डोळ्याभोवतीची ढगांची जुनी भिंत विरून बाहेर नवी, रुंद भिंत उभी राहिली आणि वादळाचा घेर जवळजवळ दुप्पट झाला. त्या अवाढव्य देहानिशी २८ला त्याने पाचवी श्रेणी गाठली. २९ला किनाऱ्याशी वारा ताशी २०५ किलोमीटरवर उतरला. पण आदल्या दिवशी रेटलेले पाणी थोडेच उतरते? त्यात मिसिसिपीचा किनारा उथळ. पाण्याला चढण्यावाचून वाट नाही. पास क्रिश्चियन या एकाच गावात कमिलचे उधाण सुमारे २४ फूट, ‘धाकट्या’ कतरिनाचे सुमारे २८.

कमिलमध्ये तगलेल्या घरात पुन्हा तगू, या हिशेबाने कित्येक जण २००५ साली तिथेच थांबले. श्रेण्यांची तुलना ही निव्वळ पंडिती करमणूक नाही, ती अशी जिवावर बेतते.

‘पण न्यू ऑर्लिन्स बुडाले ते बांध फुटल्यामुळेच ना?’ होय. बांधांच्या रचनेतच दोष होता, हे ते बांधणाऱ्या लष्करी अभियंता दलाने २००६मध्ये मान्य केले, आणि त्यावर पांघरूण घालायचे मला काहीच कारण नाही. मात्र पास क्रिश्चियनला फुटायला असे बांध होते कुठे? माणसांचा गुन्हा सिद्ध झाला म्हणून वादळ निर्दोष सुटत नाही.

खुद्द कमिलची साक्षही श्रेणीवाद्यांच्या विरुद्धच जाते. त्याच्या अडीचशेवर बळींपैकी शंभराहून अधिक गेले ते समुद्रापासून दूर, व्हर्जिनियाच्या डोंगरांत, एका रात्रीच्या पावसाने. तोवर कमिलला श्रेणी उरलीच नव्हती. २०१७च्या हार्वेने टेक्सासचा किनारा चौथ्या श्रेणीत गाठला खरा, पण ह्यूस्टन बुडवले ते हरिकेनपद गेल्यावर, जागच्या जागी रेंगाळून; नेदरलँड गावी ६० इंचांवर पाऊस पडला. १९६३ ते २०१२ या काळात अमेरिकेत अशा वादळांच्या थेट बळींपैकी दहातले नऊ पाण्याने गेले.

तेव्हा तुलना करायचीच तर वादळाचा घेर किती, चाल किती धिमी, आणि समोरचा समुद्रतळ किती उथळ, इथून सुरुवात करावी. वाऱ्याचा आकडा त्यानंतर. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने २०१७पासून उधाणाचे इशारे वेगळे द्यायला सुरुवात केली, ती याच कारणाने. आपल्याकडेही ‘तीव्र’, ‘अतितीव्र’ ही बिरुदे वाऱ्यावरूनच मिळतात. हवामान खात्याच्या पत्रकात उधाणाची उंची वेगळी दिलेली असते. बातमीच्या मथळ्यात मात्र ती मी क्वचितच पाहिली आहे.