ग्रीन्सबरोची सोयीची आठवण

अमेरिकेत विद्यार्थी आंदोलनाला उभे राहिले की तेथील प्रतिष्ठितांना १९६० सालचे ग्रीन्सबरो आठवते. १ फेब्रुवारीला चार कृष्णवर्णीय विद्यार्थी गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात शांतपणे बसले, राष्ट्राची सदसद्विवेकबुद्धी जागी झाली आणि वर्णभेद गेला! २०२४ मध्ये गाझातील संहाराविरुद्ध कोलंबिया विद्यापीठाच्या हिरवळीवर तंबू ठोकणाऱ्या मुलांनाही असेच धडे देण्यात आले. कथा सोयीची आहे, कारण तीत संघटना नाही.

वस्तुस्थिती काय आहे? त्याच एप्रिलमध्ये ५६ वर्षांच्या एला बेकर यांनी या विद्यार्थ्यांना रॅले येथे एकत्र आणले आणि कोणत्याही वडीलधाऱ्या संस्थेची युवक शाखा न होता स्वतःची समन्वय समिती उभारण्यास बळ दिले. पुढच्या वर्षी समितीचे बॉब मोझेस मिसिसिपीत गेले. तेथील कार्यकर्ते गरीब शेतकऱ्यांच्या घरी राहत, दारोदार फिरत, मतदार नोंदणीचे किचकट अर्ज समजावून देत. त्यांना साथ देणारे शेतकरी हर्बर्ट ली यांना सप्टेंबर १९६१ मध्ये एका आमदाराने दिवसाढवळ्या गोळी घातली. खटलासुद्धा उभा राहिला नाही. १९६२ मध्ये फॅनी लू हॅमर नाव नोंदवायला गेल्या, तर १८ वर्षे राबलेल्या मळ्यातून त्यांना घालवून देण्यात आले. दोन वर्षांनी याच बाईंनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात साऱ्या देशासमोर साक्ष दिली, आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाने पुढे केलेल्या दोन जागा धुडकावल्या. अशी माणसे चार दिवसांच्या मोर्च्यात हाती लागत नाहीत.

खुद्द कोलंबियाचा इतिहास तरी काय सांगतो? १९६८ मध्ये हे विद्यापीठ हार्लेमलगतच्या सार्वजनिक उद्यानात व्यायामशाळा बांधत होते. हार्लेमच्या लोकांना तिचा लहानसा हिस्सा, तोही खालच्या दाराने! एप्रिलमध्ये कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांनी हॅमिल्टन हॉल ताब्यात घेतला, तेव्हा हार्लेममधून अन्न आले, माणसे आली. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येला महिनाही झाला नव्हता. हार्लेम पेटेल या धास्तीने प्रशासन बिचकले. अन्य इमारतींतील मुलांची डोकी फुटली, हॅमिल्टन हॉल मात्र मारहाणीविना रिकामा करण्यात आला. ती व्यायामशाळा तेथे कधीच उभी राहिली नाही.

३० एप्रिल २०२४ रोजी त्याच हॅमिल्टन हॉलमध्ये शिरलेल्या आंदोलकांना पोलिसांनी त्याच रात्री बाहेर काढले. पुढे हकालपट्ट्या झाल्या. मुलांच्या धैर्यात काही उणे नव्हते. उणे होते ते कुंपणापलीकडचे हार्लेम. बाहेरच्यांना विद्यापीठाची दारे बंद करणाऱ्या प्रशासनाला १९६८ साल पक्के आठवत होते.