भंगारात गेलेल्या गाड्यांचा हिशेब

11 नोव्हेंबर 1978 रोजी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात, एका नारिंगी मोटारीने रॅम्पवरून झेप घेतली. आत क्रेग बॅक्सली हा स्टंट ड्रायव्हर होता, खाली पोलिसांची गाडी उभी होती. मोटार सुमारे 16 फूट उंच गेली, 82 फुटांच्या आसपास अंतर तोडून पलीकडे आदळली आणि त्या एका आदळण्यातच कामातून गेली. ‘द ड्यूक्स ऑफ हॅझार्ड’ ही मालिका 1985 मध्ये संपेपर्यंत तिच्या शीर्षकदृश्यात ही उडी दिसत राहिली. पडद्यावर मात्र ती गाडी खाली येते, धुरळा उडवते आणि काही झालेच नाही अशी पुढे निघून जाते. पडद्यावरची ही गाडी आणि प्रत्यक्षात मोडीत निघालेली गाडी यांच्यात काय घडले, हे आज आपल्याला ठाऊक आहे ते मुख्यतः मालिकेच्या चाहत्यांमुळे. कुठल्या भागात कुठली गाडी होती, दरवाजे का उघडत नसत, कुठला रस्ता खरा आणि कुठला स्टुडिओतला, असल्या नोंदी त्यांनी वर्षानुवर्षे जमवल्या. बाहेरचे लोक याला रिकामपणचा उद्योग समजतात. मला तो इतिहास वाटतो. त्या मालिकेने प्रेक्षकांपासून जे जे लपवले, ते या नोंदींमध्ये सापडते. पण इतिहास म्हटला की तो सोयीच्या ठिकाणी थांबवता येत नाही, आणि माझा या चाहत्यांशी वाद आहे तो तिथेच.

मराठी वाचकाला ही मालिका कदाचित नावानेच माहीत असेल, म्हणून थोडी ओळख. सीबीएस वाहिनीवर 26 जानेवारी 1979 रोजी ती सुरू झाली आणि दीडशेच्या आसपास भाग चालली. हॅझार्ड हा काल्पनिक परगणा. बो आणि ल्यूक ड्यूक ही चुलतभावंडे, पूर्वी हातभट्टीची दारू वाहून नेताना पकडली गेलेली, आता अटीवर मोकळी. बंदूक बाळगायला मनाई, म्हणून ती धनुष्यबाण वापरतात. समोर लाचखाऊ बॉस हॉग आणि त्याच्या तालावर नाचणारा शेरीफ रॉस्को. जवळजवळ प्रत्येक भागात पाठलाग, पाठलागात उडी, आणि उडी मारणारी 1969 ची डॉज चार्जर, नाव ‘जनरल ली’. हे सारे हवेतून आलेले नव्हते. मालिकेचे जनक गाय वॉल्ड्रन यांनी 1975 मध्ये ‘मूनरनर्स’ नावाचा चित्रपट केला होता. तो जेरी रशिंग या खऱ्याखुऱ्या दारूवाहकाच्या आठवणींवर बेतलेला होता. रशिंगच्या क्रायस्लर गाडीचे नाव होते ‘ट्रॅव्हलर’. अमेरिकी यादवी युद्धातला दक्षिणेचा सेनापती रॉबर्ट ई. ली याच्या घोड्याचे हे नाव. पोलिसांना चुकवण्यासाठी रात्री डोंगरवाटांवर गाड्या पिटाळणाऱ्या या मंडळींतूनच ज्युनिअर जॉन्सनसारखे नॅसकार शर्यतींचे पहिल्या पिढीतले नामांकित चालक निघाले.

मालिका आली तो काळही लक्षात घ्यायला हवा. 1973 च्या तेलटंचाईनंतर अमेरिकेने 1974 मध्ये देशभर ताशी 55 मैलांची वेगमर्यादा लावली होती. मालिकेच्या पहिल्या भागाआधी दहाच दिवस इराणचे शहा देश सोडून गेले होते, आणि त्या वर्षी पेट्रोलपंपांवर पुन्हा रांगा लागल्या. अशा वेळी दर आठवड्याला एक मोठ्या इंजिनाची, पेट्रोल पिणारी गाडी कायदा, ओढे आणि पोलिसांच्या गाड्या ओलांडून जात होती. तिला कधी पोचा पडत नव्हता, तिचे कधी बिल येत नव्हते. कुणी दगावतही नव्हते. प्रेक्षकांना वेग हवाच होता, पण त्याहून अधिक हवा होता तो किंमत मोजावी न लागणारा वेग. मालिकेने तो पुरवला, आणि त्यासाठी जी किंमत पडद्यामागे मोजली गेली ती झाकून ठेवली.

ती कशी झाकली, हे चाहत्यांच्या चिकाटीमुळेच कळते. चार्जरचे जड इंजिन पुढे, म्हणून हवेत गेली की गाडी नाकावर झुकते. तोल राखायला डिकीत वाळूची पोती किंवा काँक्रीट भरत. आत लोखंडी पिंजरा बसवत. दरवाजे वेल्डिंग करून बंद केल्याचे कथेत सांगितले जाते, त्यामुळे ड्यूक बंधू खिडकीतून आत शिरतात. उडीचे दृश्य चौकट चौकट थांबवून पाहिले तर सगळा उलगडा होतो. पुढची चाके टेकतात, बंपर खाली ओघळतो, मडगार्डला काचेच्या अलीकडे सुरकुती पडते, बॉनेट मध्ये उचलले जाते. तेवढ्यात दृश्य तुटते आणि पुढच्या क्षणी पत्रा सपाट, रंग चकचकीत. म्हणजे गाडी बदललेली असते. या चार्जरला वेगळी चासी नव्हती, सांगाडा आणि पत्रा एकजीव. एकदा वाकली की डागडुजीला अर्थ उरत नसे. पहिले पाच भाग जॉर्जियातील कव्हिंग्टन आणि कॉनियर्स परिसरात चित्रित झाले, मग सगळा बाडबिस्तारा कॅलिफोर्नियात बरबँकच्या स्टुडिओत हलला. दक्षिणेचा अभिमान मिरवणाऱ्या या मालिकेचा बहुतेक भाग दक्षिणेत घडलेलाच नाही. मागच्या सुक्या टेकड्या ते लपवू शकत नाहीत. शेवटी शेवटी तर गाड्या आणि पैसा दोन्ही वाचवण्यासाठी लहान प्रतिकृती उडवल्या गेल्या, आणि त्या ओळखू येतात.

किती गाड्या गेल्या? अडीचशेपासून सव्वातीनशेपर्यंत वेगवेगळे आकडे सांगितले जातात, साधारण तीनशे हा सर्वमान्य अंदाज. सरासरी काढली तर दर भागाला दोन. टंचाई इतकी की 1968 च्या चार्जरला पुढची जाळी आणि मागचे दिवे बदलून 1969 ची करत. इथे चाहत्यांमध्ये एक आवडता समज आहे: या मालिकेनेच ते मॉडेल दुर्मीळ करून टाकले. तो मला पटत नाही, आणि तो खोडायला त्यांचेच आकडे पुरतात. 1968 मध्ये सुमारे 96 हजार आणि 1969 मध्ये सुमारे 89 हजार चार्जर बनल्या. 1970 च्या धरल्या तर बेरीज सव्वादोन लाखांच्या पुढे जाते. त्यातल्या तीनशे म्हणजे हजारी दीडसुद्धा नाहीत. चार्जर संपल्या त्या गंजाने, अपघाताने आणि पेट्रोल महागल्यावर जड गाडी कुणाला नकोशी झाल्याने. नोंदी जमवणे हे अर्धे काम, त्या तपासणे हे उरलेले अर्धे.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. करमणूक ती, तिची इतकी चिरफाड कशाला? जादूगाराची पोतडी उघडली की जादू मरते. हा आक्षेप मी हलका मानत नाही, कारण मालिकेतला निरागस आनंद खरा आहे. पण पोतडी उघडली की माणसे दिसतात, आणि ती दिसायला हवीत. ती उडी मारताना गाडी चालवणाऱ्याच्या पाठीच्या कण्यावर काय आदळत असेल, याचा विचार केल्यावर उडी फिकी पडत नाही, उलट तिचे वजन कळते. स्टंट करणाऱ्यांची नावे पडद्याने फार उशिरा मानली. टेलिव्हिजनच्या एमी पुरस्कारांत स्टंट संयोजनाचा विभाग आला तो 2002 मध्ये. ऑस्करने स्टंटसाठी पुरस्कार जाहीर केला एप्रिल 2025 मध्ये, तोही 2027 च्या चित्रपटांपासून. त्यासाठी 1991 पासून खेटे घालणारा माणूस म्हणजे जॅक गिल, आणि तो याच मालिकेतल्या स्टंटकामातून पुढे आलेला. चाहत्यांच्या याद्यांत बॅक्सली आणि गिल ही नावे या पुरस्काराच्या कितीतरी आधीपासून आहेत. जे काम पुरस्कार देणाऱ्या संस्थांनी करायचे ते हौशी लोकांनी केले.

कलाकारांचे मोलही असेच उशिरा मानले गेले. 1982 मध्ये टॉम वोपॅट आणि जॉन श्नायडर यांनी खेळणी व इतर मालाच्या विक्रीतल्या वाट्यावरून काम सोडले. निर्मात्यांनी त्यांच्यासारखेच दिसणारे दोन नवे चुलतभाऊ आणून बसवले, बाकी सगळे तेच ठेवले. प्रेक्षकांनी पाठ फिरवली आणि 1983 च्या सुरुवातीला मूळ जोडी परत आली. गाडी बदलली तर कळत नाही, माणूस बदलला तर कळते, एवढे तरी त्या वर्षाने सिद्ध केले.

आता टपाकडे येऊ. ‘जनरल ली’च्या टपावर दक्षिणेच्या बंडखोर राज्यांचा रणध्वज रंगवलेला आहे आणि तिचा हॉर्न ‘डिक्सी’ या गाण्याचे पहिले बारा सूर वाजवतो. चाहत्यांना हेही ठाऊक आहे की जॉर्जियातल्या पहिल्या काही गाड्यांवर मागच्या काचेखाली आणखी दोन लहान झेंडे एकमेकांना छेदणारे रंगवलेले होते आणि नंतर ते गेले. इतकी बारीक नजर असलेली माणसे त्या झेंड्याच्या अर्थाशी आली की एकाएकी म्हणतात, तो फक्त सजावट होता. मालिकेत कूटर मेकॅनिकची भूमिका करणारे आणि पुढे जॉर्जियातून अमेरिकी संसदेत निवडून गेलेले बेन जोन्स यांनी त्या झेंड्याची बाजू जाहीरपणे घेतली आहे. त्यांचे म्हणणे असे की हा दक्षिणेच्या प्रादेशिक अभिमानाचा भाग आहे आणि मालिकेत द्वेषाचा लवलेश नाही. दुसरे विधान बऱ्याच अंशी खरे आहे. ड्यूक मंडळी दिलदार आहेत, अन्याय दिसला की मध्ये पडतात. शेजारच्या परगण्याचा शेरीफ लिटल हा कृष्णवर्णीय आहे, डॉन पेड्रो कॉली या अभिनेत्याने तो केला, आणि तो रॉस्कोपेक्षा कितीतरी कर्तबगार दाखवला आहे.

पण पहिले विधान पुराव्यापुढे टिकत नाही. हा रणध्वज लीच्या सैन्याचा, गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या पक्षाचा. 1948 मध्ये वंशभेदाच्या समर्थनार्थ डेमोक्रॅटिक पक्षातून फुटलेल्यांनी तो हाती घेतला. 1954 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळांतली वर्णविभागणी घटनाबाह्य ठरवली आणि दोनच वर्षांनी जॉर्जियाने तो आपल्या राज्यध्वजात घातला. तो तिथे 2001 पर्यंत राहिला. म्हणजे नोव्हेंबर 1978 मध्ये ती गाडी उडाली तेव्हा जॉर्जियाच्या सरकारी इमारतींवर फडकणाऱ्या राज्यध्वजातही तेच चिन्ह होते. चित्रीकरणाच्या मंडळींना त्यात काही वावगे दिसले नसेल, तर त्याचे हे एक कारण असावे. त्याने त्यांचा हेतू स्पष्ट होतो, झेंड्याचा अर्थ मात्र बदलत नाही. ‘डिक्सी’ची गोष्टही बोलकी आहे: ते गाणे रचले उत्तरेतल्या ओहायोच्या डॅनियल एमेट याने, 1859 च्या सुमारास, चेहरा काळा फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या न्यूयॉर्कमधल्या खेळांसाठी. दक्षिणेचा म्हणून मिरवला जाणारा सूर मुळात दक्षिणेचाही नव्हता.

याच कव्हिंग्टन गावात काही वर्षांनी ‘इन द हीट ऑफ द नाइट’ ही मालिका चित्रित झाली. तिचा नायक व्हर्जिल टिब्ज हा दक्षिणेतल्या लहान गावात काम करणारा कृष्णवर्णीय पोलीस अधिकारी. दोन्ही मालिका शेजारी ठेवल्या की पहिलीत काय वगळले होते ते कुणी वेगळे सांगायला नको. वगळणे हाही निर्मितीचा तपशीलच आहे. गाडीच्या जाळीत झालेला बदल जो टिपतो, त्याने हॅझार्डच्या रस्त्यांवर कोण दिसत नाही हेही टिपायला हवे.

17 जून 2015 रोजी चार्ल्स्टनमधल्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीय भाविकांची हत्या झाली. मारेकऱ्याची त्याच झेंड्यासह काढलेली छायाचित्रे समोर आली. त्यानंतर वॉर्नर ब्रदर्सने झेंडा रंगवलेल्या खेळण्यातल्या गाड्यांचे परवाने थांबवले आणि टीव्ही लँड वाहिनीने मालिकेचे पुनःप्रसारण बंद केले. ऑक्सफर्डला उडालेली पहिली गाडी भंगारातून सापडून दुरुस्त झाली होती आणि 2012 च्या लिलावात गोल्फपटू बब्बा वॉटसन याने घेतली होती. त्यानेही टपावर अमेरिकेचा राष्ट्रध्वज रंगवण्याचे जाहीर केले. या तीन निर्णयांकडे मी एकाच नजरेने पाहत नाही. खेळण्यांबाबतचा निर्णय योग्यच होता, कारण मुलाच्या हातात गाडी जाते, तिचा इतिहास जात नाही. मालिका बंद करणे त्या आठवड्यात समजण्यासारखे होते, कायमचे धोरण म्हणून चुकीचे; जे दिसतच नाही त्यावर वाद घालता येत नाही. आणि पहिल्या गाडीचा टप पुसणे मला सर्वांत खटकते. ती वस्तू पुरावा आहे. 1979 मध्ये एका मोठ्या वाहिनीला, स्टुडिओला आणि कोट्यवधी प्रेक्षकांना हे चिन्ह घरातल्या मुलांसमोर निर्धास्तपणे दाखवावेसे वाटले, याचा इतका ठसठशीत पुरावा दुसरा सापडणे कठीण.

म्हणून माझे मत असे: मालिका आहे तशी, एकही दृश्य न कापता उपलब्ध असावी, आणि पहिल्या भागाआधी कव्हिंग्टन, 1956 चा राज्यध्वज आणि चार्ल्स्टन यांची माहिती साध्या शब्दांत दिलेली असावी. आणि ज्यांनी तीनशे गाड्यांचा हिशेब ठेवला, त्या चाहत्यांना विनंती एवढीच की पुढच्या यादीत दरवाजे, चाके आणि इंजिनाबरोबर टपाचाही रकाना भरावा.