चार दिवसांत काय उतरते?

‘आत टाका, चार दिवसांत सगळी उतरेल.’ पिणाऱ्याला पोलीस घेऊन गेले की हे वाक्य सोलापूरजवळच्या कुंभारीत ऐकू येते, शहरातल्या कोर्टाच्या आवारातही. म्हणणाऱ्यांत कधी त्याची आईसुद्धा असते. तुरुंग म्हणजे फुकटचे व्यसनमुक्ती केंद्र, हा समज आहे आणि तो जीव घेऊ शकतो.

रोज हातभट्टी पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की काही तासांत हात थरथरू लागतात. पुढच्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, कुणी मारायला आल्याचे भास होतात, दिवस की रात्र कळत नाही; उपचार न मिळाल्यास माणूस दगावू शकतो. ज्या चार दिवसांत ‘उतरेल’ म्हणतात, तेच चार दिवस धोक्याचे. बराकीत त्याला धिंगाणा म्हणतात आणि बंदोबस्तही तसाच होतो. थायमिनचे इंजेक्शन आणि मोजून कमी करत नेलेल्या गोळ्या, एवढ्यावर बहुतेकदा निभावते. पण त्यासाठी दाखल करून घेतानाच विचारावे लागते: रोज किती, शेवटची कधी? भेसळीच्या ताडीचे तर आणखी अवघड. तेलंगणात २०१५ मध्ये अल्प्राझोलाम मिसळलेल्या ताडीवर कारवाई झाली आणि ती एकाएकी तुटल्याने शेकडो लोकांना रुग्णालय गाठावे लागले. ते निदान मोकळे होते, कोठडीत नव्हते.

दुसरा आक्षेप वजनदार आहे: आजाराचे सोंग. २०२३ मध्ये पुण्याच्या ससूनमधून अमली पदार्थांच्या गुन्ह्यातला कैदी पळाला. कैदी वॉर्डात बसून तो धंदा चालवत असल्याचा आरोप झाला. हे कोण विसरेल? पण त्यावरून संशय घ्यायचा तो पैशावर आणि वशिल्यावर. हातभट्टी पिणाऱ्या कच्च्या कैद्याला त्यापायी खाट नाकारणे म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

‘व्यसन हा आजारच नव्हे’ म्हणणाऱ्यांचे उत्तर कायद्यातच आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मनोविकाराच्या व्याख्येत दारू व अमली पदार्थांशी निगडित मानसिक अवस्था धरतो. गंमत पुढे आहे. याच कायद्याचे कलम १०३ सांगते की कारागृहाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने दर तीन महिन्यांनी मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाला लिहून द्यावे: इथे एकही मनोरुग्ण कैदी नाही. हेतू चांगला असेल, आजारी कैदी आत खितपत पडू नये हा. पण निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेच्या डॉक्टरांनी बंगळुरूच्या तुरुंगात ५,०२४ कैदी तपासले, तेव्हा तंबाखूसह व्यसने धरून ७९.६ टक्क्यांत निदान निघाले. व्यसने वगळूनही २७.६ टक्के उरले. सगळे कायद्याच्या व्याख्येत बसणार नाहीत, मान्य. पण शून्य? असे प्रमाणपत्र एकतर न तपासता देता येते किंवा खोटे.

‘गावातल्या सरळ माणसाला मनोविकारतज्ज्ञ मिळत नाही, कैद्याला कशाला?’ सरळ माणूस तज्ज्ञ शोधत शहरात जाऊ शकतो. कैद्याला सरकारने कुलूप लावले आहे.

आता करायचे काय? अक्कलकोट रस्त्यावर कुंभारीतच अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे, शहरात सरकारी महाविद्यालय आहे. वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की मनोविकार विभाग आलाच. या विभागांना जिल्हा कारागृहाशी बांधून द्या. पहिल्या चोवीस तासांत प्रत्येक नव्या कैद्याची तपासणी आणि आठवड्याला एक ओपीडी, एवढ्याला नवी इमारत लागत नाही. व्यसनाच्या तळाशी उदासी किंवा संशयाचा विकार आहे का, हे त्या ओपीडीतच कळेल, कारण कैदेत असतो तेवढा काळ माणूस दारूवाचून डॉक्टरांसमोर दुसरीकडे क्वचितच सापडतो.

सुटकेचे काम त्याहून नाजूक. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात १९९९ ते २००३ दरम्यान सुटलेल्या ३०,२३७ कैद्यांचा मागोवा घेतला, तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत मृत्यूचा धोका इतर रहिवाशांच्या १२.७ पट निघाला. सर्वांत मोठे कारण अमली पदार्थांचा अतिरेकी डोस. आपल्याकडे जामिनाचा कागद येतो आणि माणूस फाटकाबाहेर पडतो. त्या कागदासोबत दोन आठवड्यांच्या गोळ्या, औषधांची चिठ्ठी आणि कुंभारीच्या ओपीडीची तारीख द्यायला कुणाची परवानगी हवी आहे, हे तुरुंग प्रशासनाने एकदा सांगावे.