चाँदची तारीख आणि खाडीचे पाणी

मे महिना सरत आला की घरोघरी पावसाचा विषय निघतो. दादी-नानी सांगतात, कावळ्याने घरटे दाट फांद्यांत बांधले तर पाऊस भरपूर, शेंड्याला बांधले तर कमी. टिटवीने अंडी उंचवट्यावर घातली तर पाणी चढणार. यात खरे किती, असे मुले आम्हा शिक्षकांना विचारतात.

आम्ही म्हणतो, प्रत्येक खूण वेगळी तपासा. पावशा ‘पेरते व्हा’ म्हणतो, कारण त्याच्या विणीचा हंगाम पावसाच्या तोंडावर येतो. चंद्राभोवती मोठे खळे पडते ते फार उंचावरच्या पातळ ढगांतील बर्फकणांमुळे. असे ढग पुष्कळदा पावसाच्या ढगांपुढे चालतात. त्यामुळे एक-दोन दिवसांपुरती ही खूण कामाची, पण दर वेळी खरी ठरेलच असे नाही. कावळ्याच्या घरट्यावरून मात्र चार महिन्यांचा हिशेब मांडू नये.

आपले हिजरी वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान. रमजान कधी थंडीत येतो, कधी पावसाळ्यात. म्हणून कोकणातले मुसलमान शेतकरीही पेरणीला ७ जूनच्या सुमाराचा मिरगच धरत.

चाँदच्या तारखेवरून पाऊस कळत नाही, पण खाडी कळते. नवा चाँद दिसल्यावर दोन-तीन दिवस आणि चौदावीनंतर दोन-तीन दिवस भरतीला उधाण असते. नेमक्या त्या वेळी मुसळधार पाऊस झाला, तर नाल्यांचे पाणी ठाण्याच्या खाडीत उतरत नाही. ते वस्तीत तुंबते. खाडीकाठच्या कळव्यात ही गोष्ट प्रत्येक घराने ध्यानात ठेवावी.

पाऊस किती पडेल, हे मात्र कोणतीच जुनी खूण सांगत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यासाठी १८७५ साली स्थापन झालेल्या हवामान खात्याचाच इशारा पाहावा. तो पिवळा, नारंगी की लाल, हे सकाळी मुले बाहेर पडण्यापूर्वी बघावे.

घरातल्या कॅलेंडरवर चाँदच्या तारखेशेजारी भरतीची वेळ लिहून ठेवा. लाल इशारा आणि उधाण एकाच दिवशी आले, तर तळमजल्यावरच्यांनी धान्य आणि कागदपत्रे आधीच उंचावर ठेवावीत. पारसिकच्या उतारावर राहणाऱ्यांनी दरडीचा धोका ओळखून वेळेत नातेवाइकांकडे जावे. दादी-नानीच्या खुणाही मुलांना जरूर शिकवा. त्यामुळे मुले आभाळाकडे बघायला शिकतील.