जर्नल भरले, परीक्षानळी कोरडीच

जागतिक बँकेच्या साह्याने १९८५ साली सुरू झालेल्या योजनेतून चारकोपची वसाहत आकारास आली. म्हाडाने लहान लहान भूखंड आखून दिले आणि अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांनी सहकारी संस्था स्थापून त्यांवर घरे बांधली. लगतच कांदिवलीची औद्योगिक वसाहत आहे. इप्कासारख्या औषध कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय तेथेच आहे. या घरांतील एखादी मुलगी सेंद्रिय रसायनशास्त्रात एम. एस्सी. करू म्हणते, तेव्हा ज्ञानाच्या ओढीइतकाच नोकरीचा हिशेबही तिच्या मनात असतो. हा हिशेब रास्तच आहे. मात्र विद्यापीठीय शिक्षण त्या हिशेबाला उतरते काय, याचा विचार होत नाही.

एकाच रेणूपर्यंत पोचण्याच्या अनेक वाटा असतात आणि त्यांतील किफायतीची वाट शोधणे हे सेंद्रिय रसायनशास्त्राचे एक प्रमुख काम होय. प्रत्येक पायरीवर शेकडा ८० माल हाती आला, तरी पाच पायऱ्यांअखेर तो शेकडा ३३ च्या आसपास उरतो. एक पायरी गाळता आली, तर तोच ४१ वर जातो. औषधाची किंमत पुष्कळदा येथेच ठरते. सजीवांच्या पेशी हेच काम विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, मदतीने बेताच्या तापमानात कसे उरकतात, हे जैवसेंद्रिय रसायनशास्त्र सांगते.

या विद्येचे मोल महाराष्ट्राने अनुभवलेले आहे. १९७० चा पेटंट कायदा १९७२ साली अमलात आला आणि औषधाच्या रेणूवर पेटंट मिळणे बंद झाले. संरक्षण उरले ते केवळ निर्मितीच्या पद्धतीला. निराळी वाट शोधू शकणाऱ्या रसायनशास्त्रज्ञाला त्यामुळे एकाएकी महत्त्व आले. असे मनुष्यबळ कायद्याने निर्माण होत नसते. मुंबई विद्यापीठाने १९३३ साली स्थापलेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात ते आधीपासून घडत होते. तेथे रंगद्रव्यांच्या संशोधनाची परंपरा उभारणारे के. वेंकटरामन १९५७ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक झाले. त्यांचे शिष्य ए. व्ही. रामाराव यांनी पुढे हैदराबाद येथे एड्सवरील झिडोव्ह्युडिन या औषधाची निर्मितीपद्धती विकसित केली व मुंबईच्या सिप्लाने ते बाजारात आणले. २००१ साली याच सिप्लाने एड्सवरील तीन औषधांचा वर्षाचा उपचार ३५० डॉलरला देऊ केला. पाश्चात्त्य कंपन्यांच्या औषधांना तेव्हा दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई. त्या तिहींपैकी दोन औषधे डीएनएच्या घटकांची रासायनिक नक्कल करणारी आहेत. जैवसेंद्रिय रसायनशास्त्र हा केवळ परीक्षेचा एक पेपर आहे असे मानणाऱ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे.

आज अनेक महाविद्यालयांत काय दिसते? प्राध्यापकांच्या जागा रिक्त, तुकड्या फुगलेल्या आणि द्रावकांचा खर्च परवडत नाही म्हणून प्रयोग आटोपते घेतलेले. सॅलिसिलिक आम्लापासून ॲस्पिरिन करण्याचा प्रयोग प्रत्येक जर्नलात असतो. उत्पादनाची टक्केवारी मात्र गतवर्षीच्या जर्नलातून उतरते. फेरिक क्लोराइडचा थेंब पडताच जांभळा रंग उमटला, म्हणजे मूळ आम्ल शिल्लक आहे व माल अशुद्ध आहे, हे विद्यार्थ्याला पाठ असते. तो रंग आपल्या परीक्षानळीत पाहून पुन्हा स्फटिकीकरण करण्याची पाळी त्याच्यावर क्वचितच येते. पदवीधराला कारखान्यात सारे नव्याने शिकवावे लागते, अशी तक्रार मग उद्योजक करतात.

प्रयोगशाळा महाग असतात, हे खरे. परंतु त्या नसण्याची किंमत त्याहून जड आहे. २००५ पासून रेणूवरही पेटंट मिळू लागले. नव्या औषधांपुरती जुनी वाट बंद झाली. जुन्या औषधांच्या कच्च्या मालासाठी देश चीनवर विसंबून आहे हे ध्यानी येऊन २०२० साली केंद्र सरकारने ६,९४० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना आणली. ज्या देशाने १९५४ साली पिंपरीला प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना काढला, त्यालाच पेनिसिलिनच्या मूळ द्रव्यासाठी आयातीकडे पाहावे लागले. अनुदानाने यंत्रे येतील. ती चालविणारे हात प्रयोगशाळेतच तयार व्हावयाचे असतात.

उपाय आवाक्याबाहेरचे नाहीत. प्रात्यक्षिक परीक्षेत अपरिचित नमुना द्यावा आणि गुण जर्नलाच्या नीटनेटकेपणाला न देता हातच्या कामाला द्यावेत. द्रावकांसाठी व रसायनांसाठी स्वतंत्र अनुदान असावे. औद्योगिक वसाहतींतून निवृत्त झालेल्या रसायनशास्त्रज्ञांना लगतच्या महाविद्यालयांत मानधनावर बोलवावे. चारकोपसारख्या ठिकाणी वर्ग आणि कारखाना यांत फार तर बसच्या काही थांब्यांचे अंतर असते. ते तोडण्याचे काम विद्यापीठाने अंगावर घेतले पाहिजे. लहानशा भूखंडावर घर उभारून मुलीच्या फीची तजवीज करणाऱ्या कुटुंबाने आपला वाटा उचललेला आहे.