कॅमेरा दलालाकडे वळवा

वेश्यावस्तीत छापा पडला की दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात कोणता फोटो येणार, हे मराठी वाचकाला पाठ आहे. ओढणीनं, पदरानं तोंड झाकून जमिनीवर बसलेल्या पाच-सहा बाया आणि त्यांच्यामागे उभे राहिलेले पोलीस. खोलीचं भाडं खाणारा त्यात नसतो, मुलगी आणून देणारा दलाल नसतो, गिऱ्हाईक तर कधीच नसतं. जी विकली गेली तिनं तोंड लपवायचं आणि विकणारे, विकत घेणारे चौकटीबाहेर मोकळे. मानवी तस्करीविरुद्ध जागृती करण्यासाठी काढलेली नावाजलेली छायाचित्रं पाहिली, तर त्यांत कसब जास्त असतं, पण रोख बहुतेक वेळा हाच असतो. माझा आक्षेप या रोखाला आहे.

या छायाचित्रकारांचं म्हणणं असं, की चेहरा दिसल्याशिवाय माणसाला पाझर फुटत नाही. त्याला इतिहासाचा आधार आहे, हे मान्य करायलाच हवं. १९०४ साली ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी काँगोत न्साला नावाच्या एका बापाचा फोटो काढला. रबराचा ठरवून दिलेला वाटा गावानं भरला नाही म्हणून कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्याच्या लहानग्या मुलीला मारलं होतं. तिचा तोडलेला हात आणि पाऊल पुढ्यात ठेवून तो बसला आहे. असे फोटो पडद्यावर दाखवत इंग्लंड-अमेरिकेत सभा झाल्या आणि १९०८ मध्ये बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाला काँगोवरची खासगी मालकी सोडावी लागली. पण त्या चळवळीनं राजाचं नाव कधी झाकलं नाही. रबराचा हिशेब लोकांपुढे मांडला जात होता, ब्रिटिश कॉन्सल रॉजर केसमेंटचा सरकारी अहवाल १९०४ मध्येच प्रसिद्ध झाला होता. बापाच्या दुःखाबरोबर त्या दुःखाचा धनीही लोकांना दिसत होता.

छायाचित्रकार लुईस हाइनचं उदाहरण तर हे लोक हमखास देतात. ते नीट पाहावं. बालमजुरीविरुद्ध लढणाऱ्या अमेरिकेतल्या समितीनं १९०८ मध्ये हाइनला नेमलं. कधी पोस्टकार्डं, कधी बायबल विकणारा बनून तो गिरण्यांत शिरे. मुलाची उंची स्वतःच्या कोटाच्या बटणांवरून मापे आणि खिशातल्या हातानं वहीत टिपून ठेवी. नॉर्थ कॅरोलायनातल्या व्हिटनेलच्या सूतगिरणीत त्यानं एका मुलीचा फोटो काढला. चात्यांच्या लांबच लांब रांगेशी उभी असलेली एवढीशी पोर. त्याखाली त्यानं लिहिलं आहे : उंची ५१ इंच, गिरणीत येऊन एक वर्ष झालं, कधीकधी रात्रपाळी, रोज ४८ सेंट. वय विचारलं तर ती आधी अडखळली, आठवत नाही म्हणाली, मग हळूच सांगितलं की कामाला लागण्याइतकं वय नाही, तरी करते. ५० कामगारांत तिच्याएवढी दहा मुलं होती, हेही त्यानं नोंदवलं. या ओळी काढून टाका, उरते एक गोड, मळक्या कपड्यातली मुलगी. गिरणीमालक आरोपी ठरतो तो या ओळींमुळे. एवढं करूनही १९१६ चा बालमजुरीविरोधी कायदा तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं १९१८ मध्ये रद्द केला आणि टिकणारा कायदा यायला १९३८ उजाडलं.

हाइननंही चेहरे दाखवलेच की, असं कोणी म्हणेल. दाखवले. पण गिरणीत राबलेल्या मुलीला गावानं वाळीत टाकलं नाही, तिचं लग्न मोडलं नाही. आपल्याकडे कुंटणखान्यातून सुटून आलेल्या मुलीला आयुष्यभर तोच शिक्का. आणि आज फोटो एकदा मोबाइलवर गेला की परत घेता येत नाही.

परवानगी घेतली होती, हेही ऐकायला मिळतं. सुधारगृहातल्या मुलीकडून घेतलेल्या परवानगीला काय अर्थ आहे? तिचं जेवण, तिची सुटका ज्यांच्या हातात आहे, त्यांनीच फोटोवाल्याला आत आणलेलं असतं. ती नाही कशी म्हणेल? २०१७ मध्ये एका नामांकित आंतरराष्ट्रीय छायाचित्र स्पर्धेच्या जाहिरातीत कोलकात्याच्या सोनागाची या वेश्यावस्तीतला फोटो झळकला : अल्पवयीन मुलगी, तिच्या अंगावर गिऱ्हाईक, आणि चेहरा तिचा उघडा. जगभरातून संताप उसळल्यावर तो काढला गेला. तो फोटो निवडणाऱ्यांच्या मनात क्षणभरही आलं नाही की आपल्यासमोर बलात्कार आहे. पोक्सो कायद्याचं कलम २३ अशा मुलीची ओळख उघड करायला मनाई करतं. सर्वोच्च न्यायालयानं मे २०२२ च्या आदेशात सांगितलं, की अटक, छापा किंवा सुटकेच्या वेळी वेश्याव्यवसायातल्या कोणाचीही ओळख माध्यमांनी उघड करू नये, मग ती पीडित असो वा आरोपी. छाप्याचे फोटो त्यानंतरही येतच आहेत.

माझा सर्वांत मोठा आक्षेप मात्र वेगळा आहे. तस्करी चेहऱ्यावर दिसतच नाही. बुधवार पेठेत किंवा कामाठीपुऱ्यात दारात उभ्या असलेल्या दोन बायांपैकी कोणाला फसवून आणलं आणि कोण स्वतःच्या निर्णयानं धंदा करते, हे कोणत्याही भिंगातून कळत नाही. या बायांचीच संघटना असलेली सांगलीची वेश्या अन्याय मुक्ती परिषद हा फरक किती वर्षं सांगते आहे! अमेरिकन छायाचित्रकार मेरी एलन मार्क १९७८ मध्ये मुंबईच्या फॉकलंड रोडवर महिनोन् महिने राहिल्या. त्या बायकांनी त्यांना जवळ केलं, आणि १९८१ च्या त्यांच्या पुस्तकातली चित्रं विलक्षण आहेत. पण जगभर लोकांना आठवतात ते पिंजरे, पडदे आणि रंगवलेले चेहरे. त्या मुली तिथवर कोणत्या गाडीनं, कोणाबरोबर, किती पैशांत आल्या, हे चित्रांत नाही. तस्करी हा व्यवहार आहे, आणि फोटो काढायचा तो व्यवहाराचा.

म्हणून कॅमेरा बंद करा म्हणणाऱ्यांशीही मी सहमत नाही. अंधारात चालणाऱ्या व्यापाराला अंधार हवाच असतो. छायाचित्रकार स्मिता शर्मांनी भारत, बांगलादेश, नेपाळमधल्या मुलींवर काम केलं, त्यांची ओळख झाकून. तरी पाहणाऱ्याला काहीच कमी पडत नाही. कोलकात्याच्या लीना केजरीवाल मुळात छायाचित्रकार. त्यांनी ‘मिसिंग’ प्रकल्पात मुलीची नुसती काळी आकृती शहराच्या भिंतींवर उमटवली. येणारा-जाणारा थांबतो, विचारतो.

तस्करी फक्त वेश्यावस्तीत होत नाही; आपल्याकडे करण्यासारखं तर पुष्कळ आहे. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातल्या कातकरी मुलांना काही हजार रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढपाळांकडे राबायला दिल्याचं उघड झालं, तेही एक मुलगी दगावल्यावर. त्या मुलांचे रडवेले चेहरे मला नकोत. ती मेंढी दाखवा. शाळेचा हजेरीपट दाखवा, ज्यात पोराचं नाव आहे आणि महिनोन् महिने गैरहजेरी आहे. मजूर नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतली उचलीची नोंद आणि तिच्यापुढचा अंगठा दाखवा, आणि खाली लिहा : रक्कम किती, कोणी दिली, गुन्हा कोणत्या कलमाखाली नोंदला, खटला कुठे अडला. आणि अशा फोटोंचं प्रदर्शन मुंबईच्या कलादालनात मांडण्याआधी त्या तालुक्याच्या आठवडी बाजारात, एसटी स्टँडवर लावा. दलाल पुढच्या वर्षी तिथेच येणार आहे.